गरम आहे तोवर

पावण्यात जेवण माणसांची वाट बघतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात पहिली पाळी सकाळी सातला लागते, दुसरी दुपारी तीनला, तिसरी रात्री अकराला. ज्या घरातला कोणी रसायनाच्या कारखान्यात आहे, त्या घरातलं पातेलंही पाळीनंच चालतं. रिअ‍ॅक्टरमध्ये चढवलेला माल अर्ध्यावर सोडून माणूस जेवायला घरी येऊ शकत नाही. तापमान ठरलेल्या आकड्यावर राखायचं तर कुणीतरी काट्याकडे डोळे लावून जागं राहावंच लागतं. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या या जागेवर कारखाने उभे राहिले. भाताच्या हंगामावर चालणारी गावं ड्यूटीच्या तक्त्यावर चालू लागली. 1948 च्या कारखाना कायद्यानं कामगाराला आठवड्याची एक सुट्टी दिली, पण घरातल्या सगळ्यांना ती एकाच दिवशी मिळावी अशी काही तजवीज त्यात नव्हती.

म्हणून इथली सुगरण ती, जिच्या हातचं जेवण उशीर सोसतं. मटणाचा रस्सा सोसतो. काळ्या वाटाण्याची सांबारी सोसते. बांगड्याचं तिखलं तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, मीठ-कोकम आतपर्यंत गेलेलं असतं. नवरा रात्री साडेअकराला येणार, मुलगी महापेच्या ऑफिसातून नऊला, सासूबाई साडेसातला ताटावर बसणार. या तिघांना एकच कालवण तीनदा गरम करून वाढायचं, आणि तिसऱ्या वेळीही ते चवीला उणं पडायला नको. कोकणातून निघून मुंबईच्या गिरण्यांत आणि मग खाडीपलीकडच्या कारखान्यांत आलेल्या आमच्यासारख्यांची सगळी पाककला या एका कसोटीवर घासून निघालेली आहे.

अशा घरात लेकीनं तिखट मलईच्या सॉसमधला स्टेक-पास्ता करायचं काढलं. स्टेक आणि पास्ता ही दोन्ही माणसं नव्हेत, पण दोघांनाही वाट बघण्याचा तिटकारा आहे. पास्ता उकळत्या पाण्यातून काढला की तो थांबत नाही; सॉसमधलं पाणी पीत राहतो, फुगतो, आणि पाऊण तासानं पातेल्यात एक गोळा उरतो. मांस तव्यावरून उतरून गार झालं की चरबी थिजते, ते पुन्हा तापवावं तर चामडं होतं. मलईच्या सॉसला दुसऱ्यांदा उकळी दाखवली की तो फुटून तेल वर आणतो. मायक्रोवेव्ह इथे काही कामाचा नाही. लेकीनं “बाहेर साताठशे रुपये घेतात, घरी करू या” असं म्हटलं तेव्हा खर्चाचा हिशेब सोपा होता. अवघड प्रश्न हा होता की पाळ्यांच्या घरात असला पदार्थ वाढायचा कधी.

त्याआधी मांसाचा प्रश्न. स्टेक म्हणजे जगात बहुतेक ठिकाणी गाय-बैलाचं मांस. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गाईच्या कत्तलीवर बंदी होती, 2015 च्या सुधारणेनं ती बैल आणि वळूंपर्यंत गेली. म्हैस त्यात नाही. त्यामुळे मुंबईत आज स्टेक म्हणून जे मिळतं ते बहुधा म्हशीचं असतं, आणि खवय्ये खाटकाकडे मागतात तो ‘अंडरकट’, म्हणजे पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूची लांबट पट्टी. या स्नायूला जनावराच्या आयुष्यभर फारसं काम पडत नाही, म्हणून तो मऊ राहतो. आमच्या मजल्यावर वसईकडच्या एक ईस्ट इंडियन बाई राहतात. त्यांच्या घरी नाताळात अंडरकट येतो आणि त्याला बाटली मसाला लागतो. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, वीस-पंचवीस जिन्नस भाजून-कांडून गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत दाबून भरलेला तो मसाला. मराठी बोलणारे हे ख्रिस्ती लोक तव्यावर परतलेल्या मांसाला तिखट लावत आले आहेत. तेव्हा तिखट स्टेक ही काही नव्या हॉटेलांनी काढलेली टूम नाही.

आमच्या घरात म्हैस चालत नाही. त्यावर वाद नाही, चर्चाही नाही. सासूबाई गणपतीत ज्या पातेल्यात खीर करतात ते पातेलं त्याच कपाटात असतं. मग बोकड. बोकडाचा अंडरकट बोटाएवढा निघतो, त्यात एका माणसाचं भागणार नाही. मी खाटकाकडून मागच्या मांडीचं बिनहाडाचं मटण घेतलं आणि धाग्याला आडवे, बोटाच्या पेराएवढे जाड काप पाडायला सांगितले. त्यानं आधी नेहमीच्या सवयीनं तुकडे करायला सुरा उचलला होता. “रस्सा नाय करायचा?” त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

त्याची काळजी रास्त होती. बोकडाची मांडी ही दिवसभर चाललेली मांडी असते. तिला मऊ करायचं तर एक तर तासभर शिजवा, नाही तर कच्ची पपई लावा. पपईतलं पपेन हे एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडतं. अर्धा किलोला कच्च्या पपईचा चमचाभर वाटलेला गर पुरतो. तो लावून रात्रभर ठेवला तर मात्र मटणाचा वरचा थर पिठासारखा होतो, म्हणून तास-दीड तासानं पुसून काढायचा. ही युक्ती मी इटलीकडून घेतलेली नाही, अमेरिकेकडूनही नाही. कबाब करणाऱ्या आपल्याकडच्या भटारखान्यांतली आहे.

आणि एकदा इटली-अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर हेही सांगायला हवं की मलई, तिखट, मांस आणि पास्ता एकाच ताटात घालणं इटलीच्या रिवाजात बसत नाही. तिथे पास्ता आधी येतो, मांस मागून, वेगळ्या ताटलीत. रोमच्या आल्फ्रेदो दी लेलियोच्या नावानं ओळखला जाणारा सॉस मुळात लोणी आणि चीजचा; त्यात मलई ओतली ती अमेरिकेत. म्हणजे हा पदार्थ कुणाच्याच आजीचा नाही. मला त्यात मोठी मोकळीक वाटली. पुरणपोळीत जरा इकडचं तिकडे झालं तर सात पिढ्या नाक मुरडतात. इथे नाक मुरडायला कुणी उभंच नव्हतं.

उभ्या होत्या फक्त सासूबाई. पण त्यांचा मलईला आक्षेप नव्हता, नळीसारख्या पास्त्याला तर मुळीच नव्हता. सिंधुदुर्गात शिरवाळे करताना त्यांनी जन्म काढला आहे. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळायचे, गरम गरम लाकडी साच्यात घालायचे, दांडा दाबायचा, खाली शेवया पडतात. त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. उकळलेल्या पिठाची शेवई आणि तिच्यावर दाट पांढरा रस, हे आमच्याकडे परदेशी कधीच नव्हतं. घाटावर डाळीत सोडलेली वरणफळं आहेत, लग्नाच्या रुखवतात बोटांवर वळलेले गव्हले आणि नखुले आहेत. पास्त्याचा कणखर रवा ड्युरम गव्हाचा, आणि आपला बन्सी गहू त्याच जातीचा. त्यात ग्लुटेन घट्ट असतं, म्हणून नळी शिजूनही आकार सोडत नाही आणि दाताला जरा अडते.

मसाल्यासाठी फार लांब जावं लागत नाही. तुर्भ्याचा बाजार समितीचा मसाला बाजार आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या गल्लीत शिरलं की डोळ्यांआधी नाक झोंबतं. रंगाला कर्नाटकातल्या ब्याडगीची बेडगी, तिखटाला संकेश्वरी आणि लवंगी. त्यात धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ घालून आमचा मालवणी मसाला वर्षाचा कांडून ठेवलेला असतो. मिरचीचा झणका ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून हा मसाला मलईत नुसता टाकायचा नाही. लोण्यात, लसणीबरोबर, मंद आचेवर आधी फुलवायचा, मग मलई. तिखट असं पसरलं की पहिल्या घासाला गप्प बसतं आणि तिसऱ्या घासाला घसा धरतं.

मलई फुटू न देण्याचं शास्त्रही आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. नारळाच्या पहिल्या दाट रसाला आम्ही खळखळून उकळी येऊ देत नाही. शेवटी घालतो, ढवळत राहतो, आंबट सर्वांत शेवटी. पाकिटातल्या क्रीमला हाच नियम. वर पास्ता उकळलेलं पाणी वाटीभर राखून ठेवायचं. त्यात उतरलेला स्टार्च चरबी आणि पाणी यांना एकमेकांपासून दूर जाऊ देत नाही. शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, असं प्रमाण. एरवी भाताचं पेज-पाणी टाकून देणाऱ्या बाईला सासूबाई जे बोलतील तेच पास्त्याचं पाणी ओतून देणाऱ्या बाईला बोलायला हवं.

आता वेळ. नवऱ्याची पहिली पाळी, लेकीचं घरून काम, असा वार तक्त्यावर शोधावा लागला. तो गुरुवार निघाला, आणि गुरुवारी आई, म्हणजे सासूबाई, मटण खात नाहीत. मग पुढचा आठवडा, बुधवार.

बिडाचा तवा धुरावेपर्यंत तापवला. मटणाचे काप फडक्यानं टिपून अगदी कोरडे केले. वरचं पाणी उडून जाईपर्यंत तवा शंभर अंशांच्या वर काही करू शकत नाही, आणि जी खरपूस चव हवी असते ती येते साधारण एकशेचाळीसच्या पुढे. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या या क्रियेचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यानं 1912 मध्ये केलं. मांस असं भाजल्यानं आतला रस कोंडून राहतो, ही लिबिगच्या काळापासूनची समजूत मात्र खोटी आहे. रस जायचा तेवढा जातोच. भाजायचं ते चवीसाठी. रसायनाच्या कारखान्यात पाव शतक काढलेल्या माझ्या नवऱ्याला हे कळताच तो ओट्याशी येऊन उभा राहिला आणि घड्याळ लावून बसला. एक बाजू दोन मिनिटं, दुसरी बाजू दोन मिनिटं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात आपलं काहीतरी सापडलं होतं.

धूर झाला. वसईच्या बाईंनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं आणि वास घेऊन हसत परत गेल्या.

काप ताटलीत उतरवले आणि झाकले. आईंनी एक उचकटून पाहिला. “ह्यां लाल कशाक? रगत आसा मगे ह्यां?” लेकीनं समजावलं की ते रक्त नव्हे, स्नायूतल्या मायोग्लोबिनचा रंग आहे, रक्त खाटकाकडेच निघून गेलेलं असतं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माका वायच जास्त भाजून दी.” त्यांचा काप पुन्हा तव्यावर गेला. जगातल्या मोठमोठ्या हॉटेलांत गिऱ्हाइकाला हेच विचारतात, फक्त इंग्रजीत.

भाजलेलं मांस कापण्याआधी सहा-सात मिनिटं तसंच ठेवावं लागतं, म्हणजे सुरी लावल्यावर रस ताटलीत वाहून जात नाही. या पदार्थात खरी गंमत आहे ती या सहा-सात मिनिटांत. तेवढ्यात पास्ता उतरतो, सॉसमध्ये पडतो, आणि स्वयंपाक संपतो. संपतो म्हणजे खरोखरच संपतो. तवा रिकामा असतो, गॅस बंद असतो.

गरमागरम खायचे पदार्थ आमच्याकडे कमी नाहीत. घावन, आंबोळी, फुगलेली भाकरी, तळलेल्या सुरमईची तुकडी. पण तव्यावरून ताटात जाणाऱ्या प्रत्येक पदार्थामागे तव्याशी उभी राहिलेली एक बाई असते. बाकीचे गरम खातात ते ती शेवटी गार खाणार म्हणून. शिरवाळ्यांच्या दिवशी दांडा दाबणारी आणि साचा भरणारी, दोघी सगळ्यांच्या मागून जेवत. आणि उशीर सोसणारं जेवण करणारी बाई तर तीन-तीनदा वाढायला उठते. जेवण पाळीचं असो की तव्याचं, करणाऱ्या बाईसाठी त्यात एकत्र बसायची जागाच नव्हती. आपण त्याला माया म्हणत आलो. मायाही असेल, पण व्यवस्थाही होती, आणि ती कुणी तरी सोसत होतं.

हा कुणाच्याच आजीचा नसलेला पदार्थ मला त्या व्यवस्थेबाहेर काढतो. तो सगळ्यांना एकाच वेळी बोलावतो, आणि त्या सगळ्यांत करणारीलाही मोजतो. ती पाच मिनिटं उशिरा बसली तर तिचा पास्ता चिकटणार. तिच्यासाठी काही झाकून ठेवता येत नाही. आम्ही चौघं बसलो. आईंनी पास्ता चमच्यानं सुरू केला आणि हातानं संपवला. तिसऱ्या घासाला लेकीनं पाणी मागितलं, आणि सवयीनं मी उठू लागले तेव्हा आईच म्हणाल्या, “बस गे. तिचे हात मोडले काय?”

आता ड्यूटीचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीला फ्रिजवर लागला की लेक त्यावर पेनानं गोल करते. पहिली पाळी हवी, घरून काम हवं, आईंचा वार नको. एवढं जुळलं की मटण आणायला नवरा जातो, कारण त्या खाटकाला आडवे काप कसे पाडायचे ते आता तो सांगतो. तवा तोच घासतो. बिडाला साबण लावायचा नाही, हे त्याला मी एकदाच सांगितलं. कारखान्यातल्या सूचनेसारखं त्यानं ते पाळलं आहे. बाकीच्या दिवशी पातेल्यात तिखलं असतं. ते वाट बघेल.