सहा तारांची जुळवणी

मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीने वाजवावयाची जी गिटार, जिला आपल्याकडे पूर्वापार 'हवाईयन गिटार' म्हटले जाते, ती नव्याने हाती घेणारा मनुष्य सर्वप्रथम एकच प्रश्न विचारतो : तारा कशात मिळवाव्यात? इतर वाद्यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही. तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावावी की मध्यमात, एवढाच काय तो विकल्प रागाप्रमाणे उरतो. उभ्या धरावयाच्या सहातारी गिटारीलाही ई, ए, डी, जी, बी, ई ही जुळवणी जगभर मान्य आहे. मांडीवरच्या गिटारीला मात्र असा एक शिरस्ता नाही. तिच्या जुळवण्या डझनांनी मोजाव्या लागतात, आणि प्रत्येकीचा अभिमानी वर्ग निराळा.

याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. उभ्या गिटारीवर डाव्या हाताची चार बोटे चार ठिकाणी चार तारा दाबू शकतात. येथे त्या चार बोटांच्या जागी एकच सरळ दांडी आहे. ती तारांवर आडवी टेकली, की उघड्या तारांत परस्परांचे जे नाते असेल तेच नाते वरच्या प्रत्येक जागी जसेच्या तसे सरकत जाते. बोटांनी करावयाचे काम येथे खुंट्यांनी आधीच करून ठेवलेले असते. म्हणून जुळवणी निवडणे म्हणजे आपणांस काय सहज साधावे आणि कशाविना आपले भागावे, याचा निर्णय करणे होय. सेवानिवृत्तीनंतर हे वाद्य जवळ केलेल्या आमच्यासारख्यास तर हा निर्णय लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. विशीतला विद्यार्थी चार जुळवण्या दोन-दोन वर्षे आजमावू शकतो. साठीनंतरची वर्षे मोजूनच मिळतात.

थोडा पूर्वेतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोकडील गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांवर पोहोचली, आणि तेथील लोकांनी तिच्या तारा सैल करून त्या एका स्वरमेळात लावण्याची आपली पद्धत रूढ केली. त्याच शतकाच्या अखेरीस ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) या तरुणाने तारांवर धातूची वस्तू सरकवून वाजवण्याची रीत विकसित केली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईच्या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले. १९३२ साली रिकेनबॅकर कंपनीची, तव्यासारख्या आकाराची विजेवरची गिटार बाजारात आली. ती मांडीवरचीच होती. १९४०च्या दशकात ताऊ मोए हे हवाईयन परंपरेतील वादक सहकुटुंब कलकत्त्यास राहून गेले, आणि बंगालमध्ये या वाद्याने जे मूळ धरले ते आजही हलले नाही. पुढे पं. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्या तालमीत याच वाद्यावर रागसंगीत उभे केले. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. पं. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली, आणि १९९४ साली राय कूडर यांच्यासमवेत ग्रॅमी पुरस्कार मिळवला. आम्ही येथे बोलत आहोत ते अशा जोड-तारा नसलेल्या, साध्या सहातारी वाद्याविषयी.

अशा वाद्यावर आरंभी बहुतेकांच्या वाट्याला येते ती ए-मेजर जुळवणी. जाड तारेकडून बारीक तारेकडे गेल्यास ई, ए, ई, ए, सी-शार्प, ई. आपल्या भाषेत सांगावयाचे तर प, सा, प, सा, ग, प. या मांडणीचे गुण एका दृष्टिक्षेपात ध्यानी येतात. खाली खर्ज आणि पंचम भरदार वाजतात. कोणत्याही तारा एकत्र छेडल्या तरी विसंवाद होत नाही. आणि नेहमीच्या गिटारीच्या फक्त तीन तारा एकेक पूर्ण स्वर चढवल्या की काम भागते. तारांवरचा ताण नको असेल तर हाच साचा एक पूर्ण स्वर खाली, जी-मेजरमध्ये, उतरवता येतो. भजन, आरती, बिलावल किंवा खमाज अंगाची पदे यांना ही जुळवणी जणू घरचीच आहे.

अडचण येते ती कोमल गंधाराशी. भीमपलास, बागेश्री, मालकंस यांच्या छायेतील पदे आपल्या नाट्यसंगीतात आणि भावगीतांत किती आहेत, हे वाचकांस सांगणे नलगे. तेथे दुसऱ्या तारेवर बसवलेला शुद्ध गंधार पदोपदी आडवा येतो. एका तारेवर स्वर काढीत असता ती शेजारची तार उघडी राहिली आणि झंकारली, की रागाचा चेहरा क्षणात बदलतो. दांडी तिरपी धरून हवा तो संवाद काढण्याची युक्ती आहे. हवाईचे जुने वादक त्यात निष्णात होते. परंतु त्यासाठी मनगट आणि अंगठा यांची जी लवचीकता लागते, ती आमच्या वयाकडे उधारीनेही मिळत नाही. ती तार अर्धस्वर उतरवून वाद्य कोमल गंधाराचे करता येते खरे, पण मग शुद्ध गंधाराच्या पदाला पुन्हा खुंटी पिळावी लागते.

दुसरी महत्त्वाची जुळवणी सी-सिक्स्थ नावाने ओळखली जाते : सी, ई, जी, ए, सी, ई. म्हणजे सा, ग, प, ध, सा, ग. तिला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ओहायोत जन्मलेल्या आणि उत्तरायुष्यात हवाईत स्थायिक झालेल्या जेरी बर्ड (१९२०–२००५) या वादकाकडे जाते. पाश्चात्त्य अंगाने पाहता तिची किमया अशी की, उघड्या तारा, पाचवी खूण आणि सातवी खूण एवढ्या तीनच जागांवर त्या स्वरातील तीन मेजर आणि तीन मायनर असे सहा स्वरमेळ दांडी सरळ ठेवून मिळतात. जाडीकडून पहिल्या तीन तारा मेजर, तर बारीक बाजूच्या तीन तारा मायनर.

परंतु आम्हांस ती भावली ती निराळ्या कारणाने. सी हा षड्ज धरला तर उघड्या तारांत सा, ग, प, ध हे भूपाचे पाचांपैकी चार स्वर नांदतात. आता तारांना हात न लावता ए हा षड्ज धरावा. त्याच तारा सा, कोमल ग, प, कोमल नी अशा बोलू लागतात. हे धानीचे पाचांपैकी चार स्वर, आणि भीमपलासाच्या आरोहाची चौकटही हीच. भूपाच्या धैवतावर षड्ज नेला की मूर्च्छनेने धानी मिळतो, हे आपण ऐकलेले असते; येथे ते लाकडावर ताणून ठेवलेले दिसते. गंमत अशी की, दोन्हीकडे न मिळणारा पाचवा स्वरही एकच आहे : भूपाचा ऋषभ तोच धानीचा मध्यम. आमच्या संगीतमंडळातील काही मित्र या जुळवणीतील धैवताच्या तारेला 'हॉटेलातला सूर' म्हणून नाके मुरडतात. त्यांना आमचे उत्तर इतकेच, की कोणता स्वर परका हे ठरवण्याआधी षड्ज कोठे धरला आहे ते पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून दोन भाषांत सारख्याच सहजतेने वावरणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

या निवडीची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती थोडी नाही. पहिली गोष्ट, खालचा भरदारपणा जातो. या जुळवणीची सर्वांत जाड तार नेहमीच्या गिटारीपेक्षा आठ अर्धस्वर वर असते. खर्जाचा आधार वाद्यातून मिळत नाही, तो शेजारी तंबोरा ठेवूनच मिळवावा लागतो. दुसरी, उजव्या हाताची जबाबदारी वाढते. ए-मेजरमध्ये सरसकट तारा छेडल्या तरी निभावते. येथे नको असलेली तार ओलांडणे किंवा तळहाताच्या कडेने मिटवणे आले. नाही तर प्रत्येक भजनाच्या शेवटी अनाहूत धैवत हजर. तिसरी गोष्ट अगदी व्यावहारिक : नेहमीच्या संचातील जाड तार इतकी चढवू गेल्यास ती तुटेल. सहाव्या तारेसाठी साधारण ०.०३६ इंच जाडीची तार घ्यावी आणि बाकीच्याही त्या मानाने निवडाव्यात.

तारा मिळवण्याच्या रीतीबद्दलही चार शब्द. इलेक्ट्रॉनिक यंत्राची सुई मध्यावर आली म्हणजे वाद्य सुरात आले, असे मानू नये. ते यंत्र समान भागांत वाटलेले सप्तक जाणते. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार त्याहून किंचित उतरा असतो, अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिल्यास सुमारे १४ भागांनी. पडद्याच्या वाद्यात हा फरक सोसावा लागतो. येथे पडदेच नसल्याने तो सोसण्याचे कारण नाही. प्रथम षड्ज लावावा, त्यावरून पंचम, मग खर्ज ऐकत गंधार, आणि शेवटी वरचा गंधार हा ज्याचा पंचम होईल असा धैवत. या क्रमाने गेल्यास सहाही तारा परस्परांशी निखळ जुळतात आणि दांडी जेथे नेऊ तेथे तो निखळपणा तिच्याबरोबर जातो. स्वरांच्या अशा सूक्ष्म अंतरांचा हिशेब मांडणारे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१०चे, आणि देवल होते सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्याने तारांच्या नादी लागावे, याला आमच्याआधी असा भक्कम दाखला आहे.

मग एकाच जुळवणीशी बांधून घ्यावे काय? अमेरिकेतील वादकांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. काहींनी एकाच वाद्याला दोन, तीन, चार दांडे जोडून प्रत्येकावर निराळी जुळवणी ठेवली. पुढे पायाने दाबून तारांचा स्वर बदलणारी पेडल स्टील गिटार आली; १९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' या गीतातील बड आयझॅक्स यांच्या वादनानंतर तिचा बोलबाला झाला. ही दोन्ही उत्तरे व्यावसायिकांना शोभणारी आहेत. घरी, संध्याकाळी, चार आप्तांत वाजवणाऱ्याने मात्र एक जुळवणी धरावी आणि किमान दोन वर्षे सोडू नये, असे आमचे मत आहे. कारण स्वरांच्या जागा आधी हाताला कळाव्या लागतात. जुळवणी बदलली की तारांवरील जागांचा नकाशाच बदलतो, आणि हात पुन्हा पहिल्या इयत्तेत बसतो. नोकरीत दर तीन वर्षांनी नवे गाव आणि नवे दप्तर समजून घेण्यात किती काळ जातो, हे आम्ही पुरेसे अनुभवले आहे.

निवड करताना दुसऱ्याचे मत विचारण्यापूर्वी एक कागद घ्यावा. आपणांस मनापासून वाजवावीशी वाटणारी दहा पदे त्यावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्यातील गंधार शुद्ध की कोमल, एवढेच नोंदवावे. दहापैकी आठ-नऊ शुद्ध गंधाराची निघाली, तर ए-मेजर घ्यावी आणि तिच्या खर्जाचा आनंद लुटावा. पदे निम्मी-निम्मी वाटली गेली, तर सी-सिक्स्थ धरावी. आमच्या कागदावर सहा पदे कोमल गंधाराची निघाली आणि चार शुद्ध. तेव्हा खर्ज आम्ही तंबोऱ्याकडे सोपवला आहे, आणि उजव्या तळहाताला धैवताची तार वेळेवर मिटवण्याचा पाठ रोज अर्धा तास चालू आहे.