कृत्तिकांचं कोठार

चि. सोनूस,


आजोबांचे पावसाचे आडाखे तुला भाबडे वाटतात, म्हणून हे पत्र.

आजोबांनी दाखवलेला कृत्तिकांचा झुबका आठवतो ना? पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरांत केचुआ भाषेत त्याला ‘कोल्का’ म्हणतात. कोल्का म्हणजे कोठार. जूनच्या अखेरीस, 24 तारखेच्या सान हुआनच्या सणाच्या सुमारास, तिथले शेतकरी कडाक्याच्या थंडीत उजाडण्यापूर्वी डोंगरमाथा गाठतात आणि उगवत्या कृत्तिका निरखतात. चांदण्या ठसठशीत दिसल्या तर पाऊस चांगला. मंद दिसल्या तर उशिरा आणि तुटपुंजा. मग बटाट्याची लागवड चार ते सहा आठवडे पुढे ढकलायची. पाऊस सुरू व्हायला तर अजून तीन-चार महिने असतात!

बेन ऑर्लोव्ह हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जॉन चियांग, मार्क केन हे हवामानशास्त्रज्ञ. तिघांनी या आडाख्यामागचं कारण शोधलं आणि 2000 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये तिथे आभाळात फार उंचावर विरळ ढग असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे चांदण्या मंदावतात. त्याच वर्षी पुढे पाऊस कमी पडतो. आपल्या मान्सूनलाही अनेकदा दगा देणारा एल निनो हाच.

वाईट वर्षाची तजवीजही तिथे असते. याच दिवसांतल्या कडक थंडीत बटाटे उघड्यावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हानं सैल पडतात. मग घरची माणसं अनवाणी पायांनी ते तुडवून पाणी काढतात आणि वाळवतात. उरतो तो ‘चुन्यो’: सुरकुतलेला, खड्यासारखा टणक, हाताला अगदी हलका. तो वर्षानुवर्षं टिकतो. आभाळात एक कोठार, घरात दुसरं.

  

कोल्का पाहणाऱ्यांना ढगांचं कारण ठाऊक नव्हतं. पण किमान चारशे वर्षं त्यांनी पाहणी सोडली नाही, आणि तिच्यावर पोटाचा निर्णय घेतला. हे ज्ञानच आहे.

दिवाळीत गावी जाशील तेव्हा आजोबांचे सगळे आडाखे वहीत उतरवून घे. कोणता कुठल्या साली खरा ठरला, कुठल्या साली फसला, तेही विचार.

तुझी,
आत्या