तवंगाची साक्ष

मराठीच्या प्राध्यापकाने इंजिनात नाक खुपसू नये, असे आमच्या शिरूरच्या घरचे मत. पण दौंडचे दाजी भीमेत होडी चालवितात आणि भाचरांची फी त्या होडीवरच निघते! होडीतल्या जुन्या डिझेल इंजिनाला थंड करून पाणी धुराबरोबर बाहेर पडते. त्यावर सप्तरंगी तवंग दिसू लागला. ‘भंगारात काढा,’ शेजाऱ्यांनी निकाल दिला.

मी म्हटले, “दाजी, आधी साक्षीपुरावा!”

काडीने तवंग फोडला; तो पुन्हा जुळला. म्हणजे तेलच. गंजकट पाण्यावरची साय असती, तर तुकडे वेगळेच राहिले असते. वास डिझेलचा. धूर पांढरट आणि डोळ्यांना झोंबणारा, म्हणजे इंधन न जळताच निसटत होते. वंगण जळते तर धूर निळसर झाला असता. हॅण्डल फिरवताना दाब चांगला लागला. रिंगा शाबूत होत्या. उरले नोझल. काढून पाहिले, तर तुषार उडविण्याऐवजी ते थेंब गाळीत होते!

नवे नोझल बसले, तवंग गेला, होडी वाचली. शिवाय हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. तिथे वारकरी तिचे पाणी ओंजळीत घेतात, वाचकहो!