व्होचोलांदियातला सेल्फ

मेक्सिको शहरात जाणाऱ्या प्रवाशाला काय काय पाहावे याची यादी कोणीही करून देईल. पिरॅमिड आहेत, मोठमोठी चर्चे आहेत, भिंतीच्या भिंती व्यापणारी चित्रे आहेत. ती सगळी आम्ही पाहिली आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्यांची रीतसर छायाचित्रेही घेतली. पण घरी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी सांगत बसतो ते कुआउतेपेकविषयी, आणि हे नाव बहुतेक यात्रापुस्तकांत सापडायचे नाही.

तिकडे नोकरीला असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला एक गंमत दाखवतो." आम्ही मेट्रोने इंदिओस वेर्देस या शेवटच्या स्थानकावर उतरलो आणि तिथून केबलबुसमध्ये बसलो. केबलबुस म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे. उत्तरेकडच्या डोंगरउतारावरील वस्त्यांसाठी ही सोय २०२१ साली सुरू झाली. हे शहर मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्याही वर डोंगराच्या अंगाला घरे चिकटलेली. पाळण्यातून खाली पाहावे तर गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, भुंकणारी कुत्री, आणि जिन्यासारख्या उभ्या गल्ल्यांतून चढउतार करणाऱ्या गोल पाठीच्या चिमुकल्या मोटारी. वरून पाहताना गुळाच्या ढेपेभोवती भुंगे जमावेत तसे दिसत होते.

ह्याच त्या फोक्सवॅगन बीटल. मेक्सिकन माणूस त्यांना लाडाने 'व्होचो' म्हणतो, आणि कुआउतेपेकला लोकांनी नावच ठेवले आहे, 'व्होचोलांदिया'. शेजारच्या पुएब्ला शहरातील कारखान्यात १९६७ पासून ही गाडी तयार होऊ लागली. साऱ्या जगाने तिला निरोप दिला तरी पुएब्लाने दिला नाही. अखेर ३० जुलै २००३ रोजी शेवटची गाडी बाहेर पडली, तीसुद्धा वाजंत्री लावून! तिचा एकूण क्रमांक होता २,१५,२९,४६४. योगायोग असा, की मुंबईतली शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षे पुरी करून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मेक्सिको शहरातही व्होचो हजारोंनी टॅक्सी म्हणून धावत. चढाउतरायला सोपे जावे म्हणून चालकाशेजारची बैठकच काढून टाकीत. त्या दोन दारांच्या टॅक्सींचे परवाने २०१२ च्या अखेरीस संपले. डोंगरावर मात्र त्या राहिल्या, आणि त्याला कारण आहे. इंजिन मागे, आणि चाकांना ओढ मिळते तीही मागच्याच; त्यामुळे सगळा भार कामाच्या चाकांवर पडतो आणि उभ्या चढावर गाडी घसरत नाही. शिवाय इंजिन वाऱ्याने थंड होणारे. पाणीच नाही, तर उकळणार काय?

केबलबुसमधून उतरून आम्ही अशीच एक गाडी ठरवली. चालक पन्नाशीतला, मिशा भरघोस, बोलणे कमी. त्याने गाडी उतारावर, तोंड खाली करून लावली होती. आम्ही आत बसताच त्याने ब्रेक सोडला, गाडी घरंगळू दिली आणि मधेच क्लच सोडून इंजिन चालू केले. आपल्याकडे यालाच धक्का-स्टार्ट म्हणतात. इथे धक्का डोंगर देत होता.

भाच्याने चौकशी केली तेव्हा कळले, की तीन महिन्यांपासून 'मार्चा' बिघडली आहे. मार्चा म्हणजे इंजिनाला पहिली चालना देणारी मोटर. आपल्या गॅरेजमध्ये जिला 'सेल्फ' म्हणतात तीच. एका दुकानात त्याने ती दोनदा बदलून घेतली होती, दुसऱ्यांदा तर मेहुण्याकडून पैसे उसने घेऊन. आठ दिवस बरे जात, पुन्हा खरखर सुरू. सपाट जागेवरचे भाडे घ्यायची त्याला सोय उरली नव्हती. इंजिन बंद पडले की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावावे लागे, आणि एकदा ढकललेला उतारू दुसऱ्यांदा त्या गाडीत बसत नाही. "आज म्हाताऱ्या उस्तादाकडे जातो आहे," तो म्हणाला. "त्यानेही हात टेकले तर गाडी भंगारात." आम्हाला घाई नव्हती. आम्हीही येतो म्हटले.

उस्ताद म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. तिकडे त्यांना 'माएस्त्रो' म्हणत होते. गॅरेज कसले, पत्र्याचे छप्पर आणि एक फरसबंद सपाट तुकडा. सोबतीला चौदा-पंधरा वर्षांची नात होती. ती त्यांना 'अबुएलो' म्हणे, आणि दर वेळी मला 'आबा' ऐकू येई.

आजोबांनी प्रथम आम्हालाच उठवले, कारण या गाडीची बॅटरी मागच्या बाकाखाली असते. तार सोडवली. मग उजवे मागचे चाक उचलून खाली भक्कम टेकू दिले आणि चाक काढले. सेल्फ असतो गिअरपेटीच्या उजव्या बाजूला, अगदी आत दडलेला. जाड तारेचा नट सुटला, बारीक तार ओढून निघाली. आता राहिले दोनच नट, दोन्ही सतराच्या पान्याचे. खालचा समोरच होता, तो सुटला. खरी मेख वरच्या बोल्टात. हा लांब बोल्ट सेल्फमधून शिरून थेट इंजिनापर्यंत जातो आणि तिथे इंजिनालाही जखडून ठेवतो. त्याचे डोके गाडीखाली, पण नट इंजिनाच्या खणात, पंख्याच्या पत्र्यामागे. तिथे डोळा पोचत नाही. पोचला तर हात पोचतो. म्हणून दोन माणसे लागतात, एक खाली आणि एक वर, आणि दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही.

आजोबांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. त्यांनी एकदा पत्र्यामागे हात घालून पाहिला, तो मनगटापाशी अडला. चालकाचा पंजा तर केळीच्या फण्याएवढा. आजोबा काही न बोलता गाडीखाली सरकले आणि नात पुढे झाली. तिने बाही वर सारली, पाना मुठीत उभा धरला आणि हात कोपरापर्यंत आत घातला. डोळे मिटून घेतले होते तिने. खालून आजोबा विचारीत, वरून ती सांगे. दोनदा पाना निसटला, एकदा बोटाची साल निघाली. आमच्या सौभाग्यवती पिशवीतली पट्टी काढून तयार उभ्या! तिने मानेनेच नको म्हटले. तिसऱ्यांदा 'कट्' असा आवाज झाला, आणि खालून आजोबांचे हसणे ऐकू आले.

तो जड सेल्फ त्यांनी छातीवर उतरवून घेतला. चालकाची नजर त्याच्यावर खिळली. आता तिसरा सेल्फ घ्यावा लागणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. आजोबांनी सेल्फ तपासून फडक्यावर ठेवला, तो ठीक होता. मग नातीला खाली बोलावून म्हणाले, "बोट घाल आणि सांग." गिअरपेटीच्या कवचात, सेल्फच्या दांड्याचे टोक जिथे टेकते तिथे, पितळेसारखा दिसणारा एक छोटा बुश असतो. तिने त्यात करंगळी फिरवली. "गोल नाही," ती म्हणाली.

सगळा घोटाळा एवढाच होता. झिजलेल्या बुशात दांड्याचे टोक डगमगे. सेल्फ वाकडा फिरे, आतल्या आत घासे आणि बॅटरी ओढून घेई. दुकानदाराने सेल्फ दोनदा बदलला, पण बुश गाडीतच राहिला. दर नवा सेल्फ त्याच वाकड्या आधारावर फिरत होता. आजोबांनी आटे पाडायचा टॅप बुशात फिरवून घट्ट केला आणि त्यालाच धरून जुना बुश ओढून काढला. नवा बुश तेलाच्या डबीत भिजत पडलेला होता. तो करंगळीच्या पेराएवढा होता, आणि त्याची किंमत ऐकून चालक मटकन टायरवर बसला. तीन महिन्यांची गेलेली भाडी तो मनाशी मोजत असावा.

जोडणी उलट क्रमाने झाली. वरचा नट पुन्हा मुलीनेच घट्ट केला. चालकाने किल्ली फिरवली आणि सपाट जमिनीवर, कोणीही न ढकलता, ते इंजिन टपटपू लागले. आजोबांनी मजुरी सांगितली. चालकाने दिलेल्या नोटांतून निम्म्या त्यांनी नातीच्या हातावर ठेवल्या. शाळा सुटल्यावर रोज येते का, असे भाच्याने तिला विचारले. "आजोबांना वरून कोणीतरी लागते ना," ती म्हणाली आणि चाक बसवायला वळली.

मी तीसच्या आसपास मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. "गोल नाही" हे दोन शब्द ऐकताना जी शांतता त्या पत्र्याखाली पसरली, ती वर्गात फार थोड्या वेळा अनुभवली. आजोबांना उत्तर आधीच ठाऊक असावे. तरी त्यांनी ते तिच्या बोटाला शोधू दिले.

परतताना चालक आम्हाला केबलबुसपर्यंत सोडायला आला. त्याने भाडे घ्यायला बरेच आढेवेढे घेतले, शेवटी घेतले. आम्ही पाळण्यात बसलो आणि वरून पाहिले. तो पुढच्या उतारूंची वाट पाहत उभा होता. ओळीतल्या काही गाड्यांची तोंडे उताराकडे होती. त्याने आपली गाडी चढाकडे तोंड करून लावली होती.