दिसत नाही म्हणजे नाही?

मागच्या आठवड्यात मी एका माणसाला, त्याची काहीही चूक नसताना, दहा जणांसमोर निष्काळजी ठरवलं. म्हणजे तोंडाने एक शब्दही बोललो नाही. माझ्या एक्सेल शीटनेच ते काम केलं. आज शनिवार, रूममेट अजून घोरतोय, चहाचा दुसरा कप संपलाय आणि ते काही डोक्यातून जात नाहीये. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. "तू नक्की करतोस काय?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. "आयटीत आहे" म्हटलं की सुटका होते. खरं उत्तर असं की इमारतींची थ्रीडी मॉडेल्स बनवणाऱ्या लोकांसाठी मी छोटी छोटी टूल्स लिहितो. सॉफ्टवेअरचं नाव रेव्हिट. हे २००० साली बाजारात आलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. आर्किटेक्टपासून एसीचे डक्ट टाकणाऱ्यांपर्यंत सगळे यात काम करतात.

आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना एका वाक्यात सांगायचं तर रेव्हिटची फाइल हे चित्र नसून डेटाबेस आहे. साध्या ड्रॉइंगमध्ये रेघ ही रेघ असते. इथे भिंत ही भिंत असते. तिला जाडी असते, मटेरियल असतं, ती कुठल्या मजल्यावर उभी आहे ते तिला ठाऊक असतं. प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो, एलिमेंट आयडी. आणि स्क्रीनवर आपण जो फ्लोअर प्लॅन बघतो, ती असते एक क्वेरी! 'अमुक मजला, अमुक उंचीवर कापलेला, अमुक कॅटेगरी दाखव, तमुक लपव.' डेटाबेस एकच, क्वेऱ्या शेकडो.

त्यामुळे इथे वस्तू "हरवण्याचे" प्रकार अनंत. कुणी त्या व्ह्यूमध्ये कॅटेगरीच बंद केलेली असते. (कीबोर्डवर व्ही दोनदा दाबा, यादी समोर येते.) वस्तू व्ह्यू रेंजच्या बाहेर असते. फेज वेगळी असते. वर्कसेट उघडलेलाच नसतो. व्ह्यू टेम्प्लेट लावलेलं असतं, त्यामुळे सेटिंग बदलायला जावं तर सगळं करडं. कधी प्रोजेक्ट ब्राउझरच गायब होतो आणि नवीन पोरं घाबरीघुबरी होऊन येतात. तो व्ह्यू टॅबवरच्या 'यूजर इंटरफेस'मध्ये एक टिक मारली की परत येतो. फाइल बिघडली तर तिच्या शेजारीच नावापुढे ०००१, ०००२ लावलेल्या जुन्या प्रती असू शकतात. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर लोकल ऍपडेटामधल्या 'जर्नल्स' फोल्डरात त्या सेशनमध्ये काय काय झालं त्याची टेक्स्ट फाइल पडलेली असते.

थोडक्यात माझं निम्मं काम म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी लोकांना कळसा दाखवतो आणि भाव खातो. म्हणजे खायचो. मागच्या आठवड्यापर्यंत.

तर झालं असं. आमच्याकडे एका हॉस्पिटलच्या बिल्डिंगचं मॉडेल चालू आहे. त्यातले फायर डॅम्पर मोजायचे होते. एसीचा डक्ट जिथे आगरोधक भिंतीतून जातो तिथे हा डॅम्पर बसवतात. साध्या प्रकारात त्याला उष्णतेने वितळणारी एक कडी असते. आग लागली की कडी वितळते, पाती बंद होतात, आणि डक्टमधून आग पलीकडच्या वॉर्डात जायचा रस्ता बंद होतो. म्हणजे हा आकडा चुकून चालत नाही.

मी टूल लिहिलं. डिझाइनच्या यादीशी मॉडेल ताडून बघायचं आणि मजल्यागणिक एक्सेल काढायचं. छोट्या सॅम्पल मॉडेलवर टेस्ट केलं, आकडे चोख जुळले. मग खऱ्या मॉडेलवर चालवलं. चौथ्या मजल्यावर यादीत ३८, सापडले २६. त्या उरलेल्या १२ ओळींपुढे माझ्या टूलने लाल रंगात लिहिलं, 'मॉडेलमध्ये नाहीत'. मी शीट मॅनेजरला पाठवली, मॅनेजरने सगळ्या टीमला.

चौथा मजला काकांचा. ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स, मग वीसेक वर्षं ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं आणि अमोनिया प्रिंटचा वास. त्यानंतर ऑटोकॅड, आणि आता या वयात रेव्हिट शिकले. माऊस अजून जरा जपूनच हलवतात.

मीटिंगमध्ये काका म्हणाले, "मी टाकले होते."

"मग शीटमध्ये का नाहीत?" मॅनेजर.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे. टूल थोडंच खोटं बोलतं? काका "बघतो" एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. नंतर पॅन्ट्रीत कानावर आलं, की पुढच्या प्रोजेक्टवर काकांना घ्यायचं का नाही यावर विचार चाललाय. 'एज फॅक्टर' वगैरे.

संध्याकाळी आठला बॅग भरत होतो तर काकांनी हाक मारली. "अरे, जरा इकडे ये. गडबडीत नाहीस ना?"

त्यांच्या स्क्रीनवर चौथ्या मजल्याचा तोच प्लॅन होता. त्यांनी एका भिंतीवर झूम केलं. "हा डक्ट बघ. भिंतीपाशी काय दिसतंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? नीट बघ. डक्ट अलीकडे संपलाय आणि पलीकडे परत सुरू झालाय. मध्ये फट आहे. डक्ट आपला आपण तुटतो का रे?"

माझ्या पोटात एकदम गोळा आला. डक्टमध्ये काही बसवलं तरच रेव्हिट त्याचे दोन तुकडे करतं. आणि बसवलेली वस्तू नुसती लपवली, तर मागे अशीच फट दिसते.

"आता तो दिवा लाव," काका म्हणाले.

खालच्या पट्टीवर बल्बचं एक छोटं चिन्ह असतं, लपवलेल्या वस्तू दाखवणारं. मी क्लिक केलं. सगळा प्लॅन फिकट झाला आणि त्यात गडद गुलाबी रंगात डॅम्पर उमटले. मोजले. बारा. कुणीतरी, कधीतरी, प्रिंट काढताना गर्दी होते म्हणून त्या एका व्ह्यूपुरते लपवले असणार.

आता माझी गंमत ऐका. रेव्हिटच्या एपीआयमध्ये वस्तू शोधणारा जो कलेक्टर असतो, त्याला नुसतं डॉक्युमेंट दिलं तर तो सगळ्या मॉडेलमध्ये शोधतो. सोबत व्ह्यूचा आयडी दिला, तर फक्त त्या व्ह्यूमध्ये जे दिसतंय तेवढंच आणतो. मी मजल्यागणिक आकडे हवेत म्हणून व्ह्यूचा आयडी दिला होता. कोड शॉर्ट झाला म्हणून स्वतःवर खूशही होतो. सॅम्पल मॉडेलमध्ये काही लपवलेलंच नव्हतं, त्यामुळे टेस्ट पास!

म्हणजे मी विचारलं होतं 'दिसतात का?' आणि शीटवर छापलं 'नाहीत'. रोज लोकांना हाच फरक समजावणारा मी!

खात्रीसाठी त्या बारांचा क्रिएटर काढला. असं मॉडेल अनेकजण मिळून वापरतात तेव्हा वस्तू मूळ कुणी बनवली याची नोंद रेव्हिट ठेवतं. बाराच्या बारा ठिकाणी काकांचं युजरनेम.

घरी येऊन मेल लिहायला बसलो. पहिला ड्राफ्ट असा, 'टूलच्या एका मर्यादेमुळे काही एलिमेंट्स रिपोर्टमध्ये आले नव्हते.' वाचायला किती छान! चूक कुणाचीच नाही, मर्यादेची आहे. सेंडवर बोट गेलंही होतं. मग काकांचं ते "बघतो" आठवलं. सगळं पुसलं आणि लिहिलं, 'चौथ्या मजल्यावरचे १२ डॅम्पर मॉडेलमध्ये आधीपासून होते. काकांनी ते बरोबर टाकले होते. माझ्या कोडने चुकीच्या ठिकाणी शोधलं आणि मी न तपासता रिपोर्ट पाठवला.' मूळ मेल ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना टाकला. हात थोडे थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

मॅनेजरचं उत्तर आलं, "नोटेड." बस. पुढच्या प्रोजेक्टच्या यादीत काकांचं नाव आहे की नाही ते सोमवारी कळेल. नसेल तर जाऊन बोलायचं ठरवलंय.

टूल बदललंय. आता दोन कॉलम आहेत, 'मॉडेलमध्ये आहेत' आणि 'या व्ह्यूमध्ये दिसतात', आणि प्रत्येक ओळीत एलिमेंट आयडी, म्हणजे कुणालाही तो टाकून वस्तू स्वतः शोधता येईल. लाल रंगातलं 'नाहीत' काढून टाकलं. त्याजागी 'सापडले नाहीत, तपासा'.

दुसऱ्या दिवशी काकांना चहाला घेऊन गेलो आणि सॉरी म्हणालो. त्यांनी बशीत चहा ओतला. म्हणाले, "अरे, ट्रेसिंगवर शाईची रेघ आम्ही ब्लेडने खरवडायचो. कितीही हलक्या हाताने खरवड, डाग राहायचाच. उजेडात धरलं की कळायचं, इथे आधी काहीतरी होतं."

मग जरा थांबून, "तू नुसतं मोजलंस. उजेडात धरून बघितलं नाहीस."

असो. रूममेट उठलाय, पोहे करायची पाळी माझी आहे. आणि कढीपत्ता कुठेच दिसत नाहीये. 'नाही' म्हणायच्या आधी फ्रिज पुन्हा एकदा नीट बघतो.