पॉलिश वाजत नाही, बाबू!

पुण्याच्या फ्लॅटसाठी नवी पेटी बुक केली होती. चकाचक पॉलिश, पाच हजार ॲडव्हान्स! दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात, साकोलीजवळ मामाजींकडे गेलो. धानकापणी उरकली की इथे झाडीपट्टीची नाटकं रंगतात, पार उजाडेपर्यंत. मामाजी त्यात ऑर्गनवर. पहाटे चहा पिताना मोबाइलवर पेटीचा फोटो दाखवला.

‘‘पियानो असो का पेटी, पॉलिश नाही वाजत बाबू! पयले पट्ट्यांना हात न लावता भाता भर. हवा गळली का घेऊ नको. मंग खालचा-वरचा सा सोबतच दाब. आवाज थरथरला का सूर जुळले नाही समज.’’

परतल्यावर दुकानात तस्सं केलं. सा थरथरला! ॲडव्हान्स बुडाला, दुसरीकडून साधी, सागवानी पेटी घेतली. मामाजी, आता ऐकायला याच!