हिशेब संपल्यावर

ल्वूव हे तेव्हा नाझींच्या ताब्यातलं पोलिश शहर. आज ते युक्रेनमध्ये आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथल्या ज्यूंची कोंडवस्ती संपवण्यात आली, तेव्हा काही माणसं जीव मुठीत धरून शहराच्या गटारांत उतरली. तिथे त्यांची गाठ लिओपोल्ड सोहाशी पडली. तो गटारसफाईचं काम करणारा, पूर्वी चोऱ्या केलेला माणूस. त्यांना लपवायला तो तयार झाला, पण पैसे घेऊन.

हे पैसे मला बरेच दिवस खुपत होते. ज्यूंना आसरा देणाऱ्याला तिथे मृत्युदंड होता. जिवावरचं काम आणि त्याची मजुरी, असा हिशेब मी मनाशी मांडूनही पाहिला. पण काही गोष्टी त्या हिशेबात बसेनात. लपलेल्यांमध्ये क्रिस्टिना हिगर नावाची लहान मुलगी होती. अंधारात राहून राहून ती खचली, बोलेनाशी झाली. सोहाने तिला उचलून गटाराच्या तोंडापाशी नेलं आणि वरून येणारा उजेड दाखवला. याचे पैसे कुणी ठरवले नव्हते. पुढे त्या लोकांकडचे पैसेच संपले, तरी तो भाकरी घेऊन येत राहिला. चौदा महिन्यांनी दहा जण जिवंत बाहेर आले.

वॉर्सातल्या झोफिया कोसाक या कॅथलिक लेखिकेची गोष्ट तर आणखी अवघड. १९४२ मध्ये तिने गुप्तपणे पत्रक काढलं: हत्याकांड पाहून गप्प बसणारा खुन्याचा साथीदार ठरतो. त्याच पत्रकात ज्यू हे पोलंडचे शत्रू आहेत, असंही तिने लिहिलं. तिच्या मनातली अढी गेली नव्हती, तरी ज्यूंना वाचवणारी गुप्त संघटना उभी करण्यात तिने पुढाकार घेतला.

म्हणून हेतूला काही किंमतच नाही, असं मी म्हणणार नाही. पैसे संपताच आसऱ्याला आलेल्यांना हाकलणारे, पोलिसांच्या हवाली करणारेही त्याच देशात होते. सुरुवात त्यांची आणि सोहाची सारखीच. फरक पडला तो फायदा संपला त्या दिवशी. माणूस कशासाठी पुढे आला यापेक्षा, ते कारण उरलं नाही तेव्हा तो काय करतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं. रोज भाकरी पोचवता पोचवता समोरची माणसं सोहाला आपली वाटू लागली असणार. ज्यांच्या मनात ज्यूंबद्दल निव्वळ कणव होती, पण ज्यांनी दार उघडलं नाही, त्यांच्या निर्मळपणाने कुणीही वाचलं नाही.

मोबदल्याची अपेक्षा न ठेवता ज्यूंना वाचवणाऱ्यांचा जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था सन्मान करते. १९७८ मध्ये तिने सोहा आणि त्याच्या बायकोचा सन्मान केला, तोवर तो हयात नव्हता. मला तो निर्णय योग्य वाटतो. पहिल्या दिवशीचा सोहा त्या मानाला पात्र नव्हता, शेवटच्या दिवशीचा होता. आणि पहिल्या दिवशी पैशासाठी का होईना तो थांबला नसता, तर शेवटचा दिवस आलाच नसता.